ऑफिसमधील शेअर्ड फोल्डर: कोणाला काय दिसावे, कोणी काय बदलावे

ऑफिसात दोन संगणक असेपर्यंत पेनड्राइव्हवर काम भागते. पाच-सहा झाले की एकाच कोटेशनच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल साहेबांची दुरुस्ती’ अशा प्रती वेगवेगळ्या टेबलांवर साठतात आणि ग्राहकाला नेमकी जुनी प्रत जाते. मग कोणीतरी एका संगणकावरचा फोल्डर शेअर करतो, ‘एव्हरीवन’ला सगळे अधिकार देऊन टाकतो आणि काम सुरू होते. सोय मोठी असते, म्हणून त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वर्षभराने त्याच फोल्डरमध्ये पगारपत्रक, ग्राहकांच्या पॅन-आधारचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट आणि रजेचे अर्ज एकत्र नांदत असतात. ते सगळे स्वागतकक्षातल्या संगणकावरूनही उघडता येते आणि पुसताही येते.

शेअर्ड फोल्डर म्हणजे नेटवर्कवरील एका संगणकाच्या किंवा सर्व्हरच्या डिस्कवर असलेला, पण इतर संगणकांवरून ठरलेल्या लोकांना उघडता येणारा फोल्डर. तो तयार करायला दोन मिनिटे पुरतात. कोणत्या गटाला त्यात काय करता येईल हे नीट बसवायला मात्र अर्धा दिवस लागतो. या लेखात त्या अर्ध्या दिवसाचे काम समजून घेऊ. उदाहरण म्हणून बारा-पंधरा जणांचे एक सीएचे ऑफिस डोळ्यांसमोर ठेवू: दोन भागीदार, हिशेब लिहिणारे, ऑडिटला जाणारे, जीएसटीची विवरणपत्रे भरणारे, प्रशासन पाहणारी एक व्यक्ती आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलणारी आर्टिकलशिपची मुले-मुली. शाळा, दवाखाना, पतसंस्था किंवा छोटा कारखाना, पद्धत सगळीकडे हीच.

हे चालते कसे?

विंडोजवर फोल्डर शेअर करतो तेव्हा दोन संगणक ‘एसएमबी’ नावाच्या नियमावलीनुसार एकमेकांशी बोलतात. तिची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. लिनक्सवर हेच काम ‘सांबा’ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतले. नावाची गोष्ट गमतीशीर आहे. आधीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे निघाले, तेव्हा त्यांनी संगणकातल्या शब्दयादीत एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हा शब्द उचलला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ‘नॅस’ पेट्यांच्या, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्यांच्या आत लिनक्स आणि सांबाच असतात.

फोल्डर ज्या संगणकावर आहे तो प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारतो. तू कोण? आणि तुला इथे काय करायची परवानगी आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर युजरनेम आणि पासवर्डने मिळते. दुसऱ्याचे उत्तर फोल्डरला चिकटवलेल्या परवानग्यांच्या यादीत असते. गोंधळ जवळजवळ नेहमी या दुसऱ्या यादीत होतो.

परवानगी माणसाला नको, गटाला द्या

समजा जीएसटीचे काम करणाऱ्या चौघांना ‘जीएसटी’ फोल्डर हवा आहे. चौघांची नावे एकेक करून यादीत टाकली, काम झाले. सहा महिन्यांनी एक जण ऑडिटकडे गेला, एक सोडून गेली, दोन नवे आले. आता तुम्हाला आठवून आठवून प्रत्येक फोल्डरची यादी उघडावी लागेल, आणि फोल्डर वीस असतील तर एखादी राहणारच. सोडून गेलेल्या व्यक्तीचे अकाउंट कोणी डिलीट केले, तर विंडोजच्या यादीत तिच्या नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो. तो कोणाचा होता हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या सर्व्हरवर अशा अनाथ आकड्यांच्या रांगा दिसतात.

त्याऐवजी ‘जीएसटी’ नावाचा एक ग्रुप तयार करा. परवानगी त्या ग्रुपला एकदाच द्या आणि माणसे ग्रुपमध्ये आत-बाहेर करा. फोल्डरला पुन्हा हात लावायची गरज पडत नाही. कोणाला काय दिसते हे पाहायचे तर ग्रुपची सदस्ययादी वाचली की झाले.

मोठ्या ऑफिसात विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर याचीच एक पायरी वाढवतात. एक ग्रुप कामाचा, म्हणजे ‘जीएसटी विभाग’, आणि दुसरा परवानगीचा, म्हणजे ‘जीएसटी फोल्डर बदलू शकणारे’. पहिला ग्रुप दुसऱ्यात टाकायचा आणि फोल्डरवर फक्त दुसऱ्याचे नाव ठेवायचे. बारा जणांच्या ऑफिसला एवढा व्याप करण्याची गरज नाही. पण एकाच फोल्डरला वाचणारे वेगळे आणि बदलणारे वेगळे असतील, तर तेवढ्यापुरते दोन ग्रुप करावेत.

आधी कागदावर

संगणकाला हात लावण्याआधी एक तक्ता काढा: आडव्या रांगेत फोल्डर, उभ्या रांगेत गट, आणि प्रत्येक चौकटीत ‘बदल’, ‘वाचन’ किंवा ‘काहीच नाही’. आपल्या ऑफिसचा तक्ता साधारण असा होईल:

- क्लायंट-ऑडिट: ऑडिट गट व भागीदार बदलू शकतात, हिशेब गट फक्त वाचू शकतो.
- क्लायंट-जीएसटी: जीएसटी गट व भागीदार बदलू शकतात, ऑडिट गट वाचू शकतो.
- नमुने (पत्रे, करारनामे, लेटरहेड): प्रशासन बदलू शकते, बाकी सगळे वाचू शकतात.
- पगार: भागीदार आणि प्रशासन. इतरांना दिसूही नये.
- देवाणघेवाण: सगळे बदलू शकतात. दर महिन्याला रिकामा होतो.

शेवटच्या फोल्डरला हसू नका. ‘ही फाइल जरा तुला देतो’ यासाठी सगळ्यांना खुला एक कोपरा दिला नाही, तर लोक ती फाइल नमुन्यांच्या किंवा क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाकायला लागतात, किंवा सरळ व्हॉट्सॲपवर पाठवतात.

तक्ता करताना एक पथ्य पाळावे. परवानग्या फक्त वरच्या एक-दोन पायऱ्यांवरच वेगळ्या ठेवा. ‘क्लायंट’च्या आत ‘२०२४-२५’, त्याच्या आत एक कंपनी, त्याच्या आत ‘गोपनीय’ आणि तेवढ्याच एका फोल्डरला वेगळी परवानगी, असे पाच पायऱ्या खोल केले तर ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. गोपनीय असेल ते वरच्याच पातळीवर वेगळे ठेवा.

तक्ता ऑफिसच्या मालकाला दाखवून त्यावर होकार घ्या. पगार कोणी पाहायचा हे नेटवर्क बसवणाऱ्याने ठरवायचे नसते.

दोन दरवाजे: शेअर परमिशन आणि सिक्युरिटी

विंडोजमध्ये एकाच फोल्डरला दोन ठिकाणी परवानग्या लागतात आणि नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील ‘शेअरिंग’ टॅबवर शेअर परमिशन असतात: रीड, चेंज आणि फुल कंट्रोल, एवढ्या तीनच. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबवर डिस्कच्या, म्हणजे एनटीएफएसच्या परवानग्या असतात आणि त्या बऱ्याच बारकाईच्या आहेत.

सोसायटीचे गेट आणि फ्लॅटचा दरवाजा अशी कल्पना करा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावे लागतात, आणि दोहोंपैकी जी परवानगी कमी असेल तीच त्याच्या वाट्याला येते. गेटवर ‘रीड’ असेल तर आत ‘मॉडिफाय’ असूनही फाइल सेव्ह होत नाही. उलट, जो त्याच संगणकासमोर बसून फोल्डर उघडतो त्याच्या वाटेत गेट येतच नाही, त्याला फक्त सिक्युरिटी टॅब लागू होतो. म्हणून खरी राखण सिक्युरिटी टॅबवरच करायची आणि गेट साधे ठेवायचे: ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला चेंज. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन आतून आवळण्याची पद्धतही सर्रास दिसते आणि ती चालते. तरी मी ‘चेंज’च सुचवीन, कारण जो फाइल तयार करतो तो विंडोजच्या दृष्टीने तिचा मालक ठरतो आणि मालकाला आपल्या फाइलच्या परवानग्या बदलता येतात. गेटवर ‘चेंज’ असेल तर नेटवर्कवरून हा उद्योग करता येत नाही.

आत देताना ‘मॉडिफाय’ द्या, ‘फुल कंट्रोल’ नको. वाचणे, लिहिणे, नाव बदलणे, पुसणे हे सगळे मॉडिफायमध्ये येते. फुल कंट्रोलमध्ये वाढतात त्या मुख्य गोष्टी दोन, परवानग्या बदलणे आणि मालकी घेणे. त्या कर्मचाऱ्याला कशालाच लागत नाहीत.

एक व्यक्ती दोन ग्रुपमध्ये असेल तर दोन्हीकडच्या परवानग्यांची बेरीज होते: ऑडिट गटातून ‘वाचन’ आणि भागीदार गटातून ‘बदल’ मिळाला, तर तिला बदल करता येतो. याला अपवाद ‘डिनाय’चा. एकाच फोल्डरवर परवानगी आणि स्पष्ट नकार दोन्ही असतील तर नकार जिंकतो. ‘पगार’ फोल्डरवर ‘सर्व-कर्मचारी’ ग्रुपला डिनाय दिले आणि भागीदारही त्या ग्रुपमध्ये असले, तर पगाराच्या दिवशी भागीदारच बाहेर राहतील. डिनायची गरज फार क्वचित पडते. ज्याला द्यायचे नाही त्याचे नावच यादीत न ठेवणे हा सोपा नकार आहे.

विंडोजवर प्रत्यक्ष मांडणी

वेगळा सर्व्हर नसेल तर सतत चालू राहणारा एक संगणक निवडा, शक्यतो ज्यावर रोज कोणी काम करत नाही असा. त्यावर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती हवी, कारण ‘होम’मध्ये ग्रुप तयार करण्याची नेहमीची खिडकी मिळत नाही. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्यांची मर्यादा आहे. ऑफिस त्यापुढे वाढणार असेल तर सर्व्हर किंवा नॅस पाहावा.

पहिले काम युजर आणि ग्रुपचे. ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडून ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे अकाउंट करा, त्याला पासवर्ड द्या आणि तक्त्याप्रमाणे ग्रुपमध्ये टाका. शिवाय सगळ्यांचा मिळून एक ‘सर्व-कर्मचारी’ ग्रुप करा. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर हेच युजरनेम आणि हाच पासवर्ड असेल तर फोल्डर न विचारता उघडतो. सगळ्यांना मिळून ‘ऑफिस’ नावाचे एकच अकाउंट देण्याचा मोह टाळा. मग फाइल कोणी पुसली हे कधीच कळत नाही आणि एक जण सोडून गेला की पासवर्ड सगळ्यांचा बदलावा लागतो.

नंतर डी ड्राइव्हवर एक मुख्य फोल्डर करा आणि त्याच्या आत तक्त्यातले फोल्डर. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर शेअर करू नका. ती जागा एका युजरची असते आणि त्याचे प्रोफाइल बिघडले की सगळ्यांचे काम अडते.

मुख्य फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ उघडून त्याला शेअरचे नाव द्या आणि ‘परमिशन्स’मध्ये वर सांगितल्याप्रमाणे बदल करा. फक्त हाच एक फोल्डर शेअर करायचा. आतल्या प्रत्येकाला वेगळा शेअर करत बसू नका.

आता ‘सिक्युरिटी’. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नव्या ड्राइव्हवर विंडोज स्वतःहूनच ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला मॉडिफायची परवानगी देऊन ठेवतो आणि ती खालच्या सगळ्या फोल्डरमध्ये वारशाने उतरते. तुम्ही ‘पगार’वर कितीही काळजीने ग्रुप लावले तरी हा वारसा तोडेपर्यंत तो फोल्डर सगळ्यांना खुलाच राहतो. म्हणून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘डिसेबल इनहेरिटन्स’ निवडा, आलेल्या परवानग्या तिथल्या तिथे उतरवून घेण्याचा पर्याय घ्या आणि मग यादीतून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ व ‘युजर्स’ काढून टाका. ‘सिस्टिम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ यांचे फुल कंट्रोल राहू द्या, नाहीतर बॅकअपही अडेल आणि तुम्हीही. मुख्य फोल्डरवर ‘सर्व-कर्मचारी’ला फक्त वाचन द्या आणि ते ‘धिस फोल्डर ओन्ली’पुरते ठेवा, म्हणजे ते आतल्या फोल्डरमध्ये उतरणार नाही.

मग प्रत्येक विभागाच्या फोल्डरवर त्या-त्या ग्रुपला मॉडिफाय. इथेही एक बारीक युक्ती आहे. शेअर्ड फोल्डरची सर्वांत नेहमीची तक्रार हॅकिंगची नसते, ‘आख्खा फोल्डर गायब झाला’ ही असते. बहुतेक वेळा कोणाचा तरी माउस घसरलेला असतो आणि ‘क्लायंट-जीएसटी’ हा फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसलेला असतो. हे टाळायला ग्रुपच्या नावे दोन नोंदी करा: ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’साठी मॉडिफाय, आणि ‘धिस फोल्डर ओन्ली’साठी वाचन व लेखन, पण डिलीट नाही. आत सगळे करता येते, खुद्द फोल्डर मात्र जागचा हलत नाही.

ज्यांना ‘पगार’ उघडता येत नाही त्यांना त्याचे नाव तरी का दिसावे? विंडोज सर्व्हरवर ‘ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन’ सुरू केले की ज्याला वाचनाची परवानगी नाही त्याला तो फोल्डर यादीतच दिसत नाही. बऱ्याच नॅसवरही अशी सोय असते. शेअरच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह लावून तो लपवण्याची जुनी युक्ती मात्र राखण समजू नका. नाव माहीत असलेला कोणीही ते टाइप करून थेट आत जाऊ शकतो, परवानगी असेल तर.

शेवटी तपासणी, आणि ती ॲडमिनच्या लॉगिनने करायची नाही. आर्टिकलशिपच्या मुलाच्या लॉगिनने बसा, ‘पगार’ उघडून पाहा, ‘नमुने’मध्ये फाइल सेव्ह करून पाहा. ‘सिक्युरिटी’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ खिडकीत ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ हा टॅब आहे. त्यात युजरचे नाव टाकले की त्याला हिशेबाअंती काय-काय मिळते ते दिसते. आणि ग्रुपमध्ये नाव टाकूनही फोल्डर उघडत नसेल, तर परवानग्यांशी खेळण्याआधी त्या व्यक्तीला लॉग-ऑफ करून परत लॉग-इन करायला सांगा. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे याची चिठ्ठी लॉग-इनच्या वेळीच तयार होते, मधल्या काळातले बदल तिच्यात येत नाहीत. या एका कारणाने वाया गेलेल्या दुपारींची गणती नाही.

लिनक्स आणि नॅस

लिनक्सवर परवानग्यांची भाषा आटोपशीर आहे: मालक, ग्रुप आणि बाकीचे. फोल्डरचा ग्रुप ‘जीएसटी’ करून त्याला २७७० हा आकडा द्यायचा. उजवीकडून वाचा. शून्य म्हणजे बाकीच्यांना काही नाही, दोन्ही ७ म्हणजे ग्रुपला आणि मालकाला सगळे काही. डावीकडचा २ महत्त्वाचा आहे. त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप लागतो. तो नसेल तर फाइल बनवणाऱ्याचा स्वतःचा ग्रुप लागतो आणि सहकाऱ्यांना ती उघडता येत नाही.

एवढे करूनही सांबातून आलेली फाइल सहकाऱ्याला बदलता येत नाही अशी तक्रार येते. कारण सांबाचा मूळचा ‘क्रिएट मास्क’ ०७४४ आहे, म्हणजे ग्रुपला फक्त वाचन. सांबाच्या मांडणीच्या फाइलमध्ये तो ०६६० करा, ‘फोर्स क्रिएट मोड’लाही तोच आकडा द्या, आणि ‘व्हॅलिड युजर्स’मध्ये ग्रुपचे नाव @ लावून लिहा. सांबाचा पासवर्ड वेगळा ठेवला जातो, तोही प्रत्येक युजरसाठी घालावा लागतो.

सायनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारख्या नॅसवर हे सगळे ब्राउझरमधून टिचक्या मारून होते आणि छोट्या ऑफिसला तेच परवडते. फक्त बेरजेचा नियम ध्यानात ठेवा: दोन्हीकडे नकार सर्वांत वरचढ, मग वाचन-लेखन, मग नुसते वाचन.

जुने नॅस असणाऱ्यांना हल्ली एक नवाच अनुभव येतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि रोज उघडणारा फोल्डर उघडेना. या आवृत्तीत बिनपासवर्डची ‘गेस्ट’ जोडणी प्रो आवृत्तीवरही बंद केली आहे आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही, म्हणजे ‘सायनिंग’, आवश्यक केली आहे. इंटरनेटवर ही दोन्ही संरक्षणे बंद करण्याच्या युक्त्या लगेच सापडतात. त्या वापरण्यापेक्षा नॅसवर रीतसर युजर आणि पासवर्ड करा, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

मराठी नावे आणि लांब पत्ते

फोल्डरला मराठीत नाव द्यायला काहीच हरकत नाही. विंडोज आणि लिनक्स दोघेही युनिकोड नावे नीट सांभाळतात. अडचण लांबीची आहे. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची, पण लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. ‘विवरणपत्र’ हा शब्द ९ चिन्हांचा, म्हणजे २७ बाइटचा. हिशेब केला तर देवनागरी नाव ८५ चिन्हांपर्यंतच जाते. सायनॉलॉजीच्या एन्क्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे. ‘सन २०२४-२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची दुरुस्त प्रत’ असे नाव विंडोजवर सुखाने राहते आणि नॅसवर कॉपी करताना अडते. शिवाय फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की विंडोजवरील अनेक प्रोग्रॅम फाइल उघडायला नकार देतात.

एका चुकीच्या क्लिकची किंमत

खंडणीचे सॉफ्टवेअर, म्हणजे रॅन्समवेअर, ज्याच्या लॉगिनने सुरू होते त्याच्याच अधिकारांनी काम करते. ईमेलमधले खोटे बिल आर्टिकलशिपच्या मुलाने उघडले, तर त्या मुलाला ज्या-ज्या फोल्डरमध्ये लिहिता येते तेवढ्या सगळ्या फायली कुलूपबंद होतात. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल असेल तर आख्खे ऑफिस. नीट गट केलेले असतील तर एक विभाग, आणि नुसते वाचन असलेले फोल्डर सुरक्षित राहतात. परवानग्यांचा तक्ता करण्याचे हे सर्वांत रोकडे कारण.

एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीत एक भोक होते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये ते बुजवणारा पॅच दिला. ज्यांनी तो घातला नाही त्यांना मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने गाठले. जूनच्या अखेरीस ‘नोटपेट्या’ आला. तो त्याच भोकातून आणि शिवाय चोरलेल्या ॲडमिन पासवर्डच्या जोरावर नेटवर्कमध्ये पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली आणि त्यात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचेही काम ठप्प झाले. एसएमबीची ती आवृत्ती नव्या विंडोजमध्ये आपोआप बसत नाही. जुन्या प्रिंटरचे स्कॅन फोल्डरमध्ये येत नाही म्हणून कोणी ती पुन्हा सुरू करायला सांगितली, तर त्या प्रिंटरला ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन करू द्या. आणि रोजचे काम ॲडमिनच्या लॉगिनने करू नका.

ग्राहकांच्या पॅन-आधारच्या प्रतींचा प्रश्न वेगळाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या ऑफिसाला एवढा दंड होणार नाही, पण ‘आमचा फोल्डर सगळ्यांना खुला होता’ हे उत्तर कोणत्याही चौकशीत टिकणारे नाही.

नेटवर्कवरून पुसलेली फाइल तुमच्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जाते. त्यामुळे विंडोजवर ‘शॅडो कॉपी’ सुरू ठेवा, म्हणजे फाइलच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून जुनी प्रत काढता येते. नॅसवर प्रत्येक शेअरसाठी रिसायकल बिनची सोय असते, ती चालू करा. याशिवाय रोजचा बॅकअप अशा ठिकाणी हवा जिथे कोणत्याही कर्मचाऱ्याच्या लॉगिनला लिहिता येत नाही, आणि एक प्रत ऑफिसबाहेर. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात म्हणून बॅकअपची गरज नाही असे समजणारे बरेच भेटतात. तुम्ही फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

माणसे येतात-जातात

कोणी नोकरी सोडली की त्या दिवशी अकाउंट ‘डिसेबल’ करा, डिलीट नंतर. आधी त्याच्या फायली कोणाकडे जायच्या ते ठरू द्या. विभाग बदलला तर नव्या ग्रुपमध्ये घालताना जुन्यातून काढायला विसरू नका. सर्वांत जास्त चुकते ते हेच, कारण नवी परवानगी मिळाली नाही तर माणूस तक्रार करतो, जुनी राहिली तर कोणीच करत नाही. तीन महिन्यांतून एकदा ग्रुपच्या याद्या छापून विभागप्रमुखांकडून पाहून घ्या.

फाइल ‘मूव्ह’ करतानाही सावध राहा. एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते, पण त्याच ड्राइव्हवर मूव्ह केलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. ‘पगार’मधून ‘नमुने’मध्ये हलवलेले कोरे पत्रक कोणालाच उघडत नसेल तर कारण हे असते. कॉपी करून मूळ पुसा. आणि ‘फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे’ असा निरोप येत असेल तर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’च्या ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये ‘ओपन फाइल्स’ पाहा, ती कोणाच्या नावे अडली आहे ते तिथे दिसते. बळेच बंद करण्याआधी त्या माणसाला हाक मारा, त्याचे न सेव्ह केलेले काम जाऊ शकते.

सगळे गूगल ड्राइव्हवर नेले तर ही कटकट जाईल का? सर्व्हरची जाईल, परवानग्यांची नाही. तिथेही ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल एका व्यक्तीच्या मालकीची असते आणि तिचे अकाउंट बंद झाले की प्रश्न उभा राहतो. संस्थेच्या खात्यावर मिळणाऱ्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये मालकी संस्थेकडे राहते, म्हणून कामाच्या फायली तिथे ठेवाव्यात आणि सदस्य म्हणून एकेकाचा पत्ता न घालता गूगल ग्रुपचा पत्ता घालावा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय म्हणजे इंटरनेटवरचा ‘एव्हरीवन’. ॲडमिनच्या पॅनलमधून तो संस्थेबाहेरच्यांसाठी बंद करता येतो.